सहाला किती टक्के

मंगळवार, ता. ९
संध्याकाळी सहाला बॅटरी २६ टक्के. विजेची लाईन रात्री दहाला येते. बाबांचं ऑक्सिजनचं मशीन तासाला सहा टक्के खातं — चार तासांना चोवीस. निभावलं!

विजेचा प्लांट बंद झाल्यापासून वसाहतीला दिवसा लाईन नाही; छपरावरच्या सोलरने बॅटरी भरते, तिच्यावरच घर चालतं. बाबा तिथे तीस वर्षं बॉयलरवर. छातीत अजून तोच कोळसा आहे. मी आता तिथल्याच राखेच्या मैदानावर सोलरच्या काचा पुसतो.

“कोळसा जळायचा, पाणी उकळायचं, वाफ चाक फिरवायची,” बाबा म्हणाले. “धरणावर पाणी फिरवतं, टेकडीवर वारा. तुझ्या काचेत काय फिरतं रे?”
“काहीच नाही. ऊन पडलं की वीज.”
“बसल्या जागी? मजा आहे!”
“कोळसा संपतो, बाबा. ऊन रोज येतं.”
“आज आलं होतं?”
हसले, मग बराच वेळ खोकले.

गुरुवार, ता. ११
काळेकुट्ट ढग. माझ्या गणिताने १८ हवी होती. ३३ निघाली! दोनदा पाहिलं.

शुक्रवार, ता. १२
ऊन नाही, तरी ३७. गणित कुठे चुकतंय?

शनिवार, ता. १३
दुपारीच घरी आलो. मशीन बंद. बाबा खिडकीला टेकून, ओठ निळे.
“लोड कमी केला,” म्हणाले. “पुरवठा कमी पडला की आम्ही हेच करायचो. संध्याकाळी तुला पुरायला हवी ना.”
ओरडलो. जन्मात पहिल्यांदा. “तुम्ही लोड नाही आहात!”
“मग घरात दुसरं चालतं काय?”
शपथ घातली. मान हलवली त्यांनी.

रविवार, ता. १४
कामावर गेलो नाही. दिवसभर त्यांच्याजवळ. मशीन एक मिनिटही बंद नाही.
सिलिंडरवाला: “उद्याशिवाय नाही.” अ‍ॅम्ब्युलन्सला तीन फोन — “मोकळी झाली की पाठवतो.”
सहाला १९. पाच कमी!
बाबांनी विचारलं, “किती?”
खरं सांगितलं तर पुन्हा बंद करतील. म्हटलं, “चाळीस.”
“मग दिवा लाव की. अंधारात काय बसायचं!”
लावला.

मंगळवार, ता. १६
परवा मशीन नऊच्या आधीच थांबलं. लाईन दहाला आली.
काल बाबांना पोचवून आलो.
आज दिवसभर लख्ख ऊन. सहाला १०० टक्के.