उन्हाळ्याच्या सुटीचा अर्ज

बाबा, उन्हाळ्याच्या सुटीत महिनाभर मला खापरखेड्याच्या क्वार्टरवर न्यायला मिळावं, एवढंच तुम्ही कोर्टाकडे मागितलं होतं. घटस्फोटात माझा ताबा आईकडे गेला तेव्हा तुम्ही भांडला नाहीत. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी कोर्टातल्या मुलांच्या खोलीत दोन तास, तेवढ्यावर भागवलंत. पॉवर हाऊसची रात्रपाळी उतरून थेट बसनं यायचात, अंघोळसुद्धा न करता, डोळे लालभडक. कॅरमच्या सोंगट्या मांडून होत नाहीत तोच "पाच मिनिटं पडतो वं बाई, मंग खेळू," म्हणून भिंतीला टेकायचात आणि घोरायला लागायचात. बाकीची मुलं हसायची. मी नऊ वर्षांची, राग कायम नाकाच्या शेंड्यावर. तुमचा पाय हलवून हलवून थकायचे.

अर्जाच्या वेळी जजमॅडमनी मला एकटीला आत बोलावलं. बाबा आले की काय करता, म्हणून विचारलं. मी म्हटलं, बाबा झोपतात, त्यांचे डोळे लाल असतात. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि हळूच विचारलं, "दारू पितात का?" तुम्ही साधी सुपारीही खात नव्हता, हे मला पक्कं माहीत होतं. पण आदल्याच शनिवारी माझा वाढदिवस होता आणि तुम्ही पूर्ण दोन तास झोपला होतात. मी मान हलवली. हो म्हणून. अर्ज नामंजूर झाला. आत्या सांगते, क्वार्टरमधल्या कूलरला तुम्ही माझ्यासाठी वाळ्याच्या नव्या ताट्या लावून ठेवल्या होत्या. निकालात आणखीही कारणं असतील, मला मात्र माझी मानच दिसते.

पुढे मी कॉलेजात असताना तुम्ही धंतोलीच्या दवाखान्यात होता. छताकडे बघत विचारलंत, "तवा मॅडमले तसं काहून सांगतलं वं? आईनं शिकवलं होतं ना तुले?" खरं सांगायला तोंड उघडलं आणि निघालं, "हो." तुमचा चेहरा एकदम सैल पडला. "मले मालूमच होतं. माह्यं लेकरू असं नाही बोलत." चौथ्या दिवशी तुम्ही गेलात.

आत्यानं ते दारातून ऐकलं होतं. तेरवीला आई आली, तर आत्यानं तिला उंबऱ्यावरच अडवलं. "पोरीले खोटं शिकवलं, आता कोनतं तोंड घेऊन आली वं?" आई माझ्याकडे बघत राहिली. मी खाली मान घालून पत्रावळी मांडत होते. ती तशीच परत गेली.

आता आई माझ्याकडेच असते. त्या दिवसाबद्दल तिनं मला कधी विचारलं नाही आणि मला त्याची फार लाज वाटते, बाबा. तिनं मला काहीच शिकवलं नव्हतं. हे मी तुम्हाला लिहितेय, कारण तुम्ही वाचू शकत नाही. जिला वाचायला द्यायला हवं ती स्वयंपाकघरात भाजी निवडतेय, आणि तिची चाहूल लागली की मी कागदावर हात ठेवते.