विजूचा प्रबंध आणि गुरम्माची घागर

सोलापूर,
९ एप्रिल १९७३

तीर्थरूप आबासाहेबांस धाकट्या वच्छलेचा वाकून नमस्कार.

तुमचा गुडघा आता कसा आहे? वहिनींना सांगा, गुळांबा पोचला आणि संपलाही.

रविवारी तुमच्या विजूला पाहायला बार्शीची मंडळी तिकडे अकलूजला येणार. ‘तिच्या प्रबंधात काही अर्थ असला तर कळव, नसला तर शनिवारच्या एसटीत बसवून दे,’ असं तुम्ही लिहिलंत. मी अगदी तटस्थपणे कळवते. (नन्सच्या शाळेत तेवढं तरी शिकले.)

विषय आहे ‘हक्क आणि वितरणात्मक न्याय’. म्हणजे वस्तू थोडी आणि माणसं पुष्कळ असली, तर कुणाला किती द्यायचं आणि हे ठरवायचं कुणी. यंदाच्या दुष्काळात हा विषय आमच्या गल्लीत सगळ्यांनाच येतो. डॉक्टरेट मात्र एकट्या विजूला मिळणार.

नळाला सकाळी तासभर पाणी असतं. बायका आधीच रिकाम्या घागरी रांगेत लावून घरकामाला लागतात आणि पाणी आलं की येतात. घागर उभी म्हणजे बाई उभी. विजू वही घेऊन आठवडाभर त्या रांगेशेजारी बसली आणि आठव्या दिवशी तिला अन्याय सापडला. तिसऱ्या जागी रोज एक पोचे आलेली घागर असायची, पण तिची मालकीण कधी दिसायची नाही. “आत्या, कुणीतरी गैरहजर राहून हक्क बजावतंय,” असं म्हणून तिनं ती घागर उचलली आणि रांगेच्या शेवटी नेऊन ठेवली. आमच्या गल्लीत मराठी, कानडी, तेलुगू बोलणारे शेजारी शेजारी राहतात. त्या दिवशी तिन्ही भाषांचं प्रथमच एकमत झालं.

घागर गुरम्माची होती. (विड्या वळणारी गुरम्मा, दोन वर्षं अंथरुणाला खिळलेली.) जिची घागर चौथी, तिनं गुरम्माची भरून पोचवायची, असा इथला रिवाज. तो कुणी पाडला, कुणालाच आठवत नाही. रांगेतली जगदेवी कमरेवर हात ठेवून म्हणाली, “काय वो ताई, तुमच्या पुस्तकात आजारी माणूस न्हाय का?”

“आहे ना. सातव्या प्रकरणात.”

“मग तवर गुरम्मानं तहानलेलंच ऱ्हावं व्हय?”

रडायच्या आधी वहिनींचं होतं तसं विजूचं नाक लाल झालं. पण ती पळाली नाही. स्वतः घागर भरून घेऊन गेली. (निम्मं पाणी साडीवर.) आता रोज जाते आणि तासभर तिथंच बसते. गुरम्माला मराठी येत नाही, विजूला कानडी. तरी गप्पा रंगतात. सातवं प्रकरण आता पहिलं झालं आहे, त्यामुळे आधीची सहा पुन्हा लिहावी लागणार.

तेव्हा अर्थाचं म्हणाल तर सहा प्रकरणांत नव्हता. आता कुठं येऊ लागला आहे. बाकी घरभर कागद आणि माझ्या चष्म्याच्या घरात तिच्या पेन्सिली. ती गेली तर मी सुटेन. शनिवारी बसवून देते.

तुमची,
वच्छला

ता. क. : मी मोगऱ्यासाठी एक जादा घागर घेत असे, ती विजूनं बंद केली. मोगरा वाळला. मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. तिचं बरोबर होतं.

आणखी ता. क. : मी चौदा वर्षांची असताना स्थळ आलं, म्हणून आप्पांनी तुम्हाला मला न्यायला पुण्याच्या शाळेत पाठवलं होतं. तुम्ही मदरसमोर माझ्या गार कपाळावर हात ठेवून “हिला ताप आहे, प्रवास झेपणार नाही” म्हणालात आणि एकटेच परत गेलात. विजूला आज सकाळपासून तसाच ताप आहे. सहा प्रकरणं लिहून होईपर्यंत तरी उतरेलसं वाटत नाही. बार्शीकरांना तुम्हीच कळवा.