करडाच्या कातड्याचे आठ जोड

पेरीज कोव्ह, मॅसॅच्युसेट्स
२४ एप्रिल १७७०

प्रिय टॅबीताई,

तुला आणि एडमंड भाऊजींना नमस्कार. बाबा आणि मी बरे आहोत. बाबांचा खोकला उन्हाबरोबर उतरला आणि ते पुन्हा पिंपं बांधायला बसले. मासेमारीची गलबतं निघाली, मासळी सुकवायच्या माच्या दुरुस्त झाल्या, गावाला पुन्हा तो वास यायला लागला. म्हणजे सगळं ठीक चाललंय असं समजायचं. हॅलिफॅक्सला अजून बर्फ आहे का? तुमची गाय व्याली का?

मागच्या पत्रात मी फक्त आई गेली एवढंच कळवलं होतं. त्याचं उत्तर अजून आलेलं नाही. गलबतं उशिरा पोचतात, असं मी रोज स्वतःला सांगते.

भाऊजी, हे पत्र तुम्ही ताईला वाचून दाखवणार, म्हणून आधीच एक विनंती करते. मधलं काही गाळू नका, तुमच्याविषयीचं असलं तरी. आणि गाळलंत तरी तिला कळेल. लग्नाआधी तुम्ही तिला वर्तमानपत्र वाचून दाखवायचात, तेव्हा ती घरी येऊन म्हणायची, "एडमंडनं आज दोन ओळी खाल्ल्या. श्वास चुकला त्याचा."

कागद जाडाभरडा आहे, शाई पसरते. इथल्याच गिरणीचा आहे. विलायती कागदावर कर बसल्यापासून आमच्या घरात तो येत नाही.

आईचं शेवटचं दुखणं फक्त नऊ दिवसांचं. ताप, मग छातीत कफ. डोळ्यांनी तिला गेल्या हिवाळ्यापासूनच दिसेनासं झालं होतं, तरी बोटांनी सगळं ओळखायची. मी लापशी भरवायला गेले की म्हणायची, "वाडगा बदललास. हा फुटका आहे." शेवटचे दोन दिवस बोलणं कमी झालं. तीन तारखेला, मंगळवारी दुपारी, बाबा तिच्या उशाशी असताना ती गेली. गुरुवारी माती दिली. गावातल्या निम्म्या बायका आल्या होत्या. त्यांतल्या कितीतरी जणींची बाळंतपणं तिनंच केली होती, आणि कितीतरी जणींच्या माणसांना तिनंच शेवटची अंघोळ घातली होती.

मयताला हातमोजे वाटले गेले. तिची ती इच्छा अपुरी राहिली नाही.

२५ एप्रिल

काल शेवटची ओळ लिहून मी लेखणी ठेवली. ती ओळ खरी आहे, पण ती ऐकून तुला जे वाटेल ते खरं नाही. सकाळी उठल्यापासून मला ती टोचते आहे.

तू पाठवलेले आठ जोड वाटले गेले नाहीत, ताई.

आई या बाबतीत किती हळवी होती ते मी तुला काय सांगणार. तीस वर्षं ती दुसऱ्यांच्या मयताला गेली. प्रत्येक वेळी आदल्या दिवशी घरी हातमोजे यायचे, मयताला या असं बोलावणं म्हणून, आणि प्रत्येक वेळी सुईणीसाठी म्हणून मेंढीच्या कातड्याचे, राठ. खांदेकऱ्यांना आणि मोठ्या घरच्यांना करडाच्या कातड्याचे, मऊ, पांढरे. ती कधी तक्रार करायची नाही. फक्त म्हणायची, "माझ्या वेळी सगळ्यांना करडाचे द्या. स्वयंपाकीणबाईला पण." ते तू लक्षात ठेवलंस. जानेवारीत तुझी पेटी आली तेव्हा तिनं आठही जोड मांडीवर घेतले, एकेक बोट चाचपून पाहिलं आणि मला म्हणाली, "आता मरायला हरकत नाही." बाबा म्हणाले, "घाई करू नकोस, अजून थंडी आहे. जमीन खणायला माणसं मिळणार नाहीत." दोघं हसले.

फेब्रुवारीत पाद्रीसाहेबांच्या घरी सूत कातायला आम्ही बावीस जणी जमलो. कातून झाल्यावर ट्रास्कबाईंनी कागद काढला. जोवर कर उठत नाहीत तोवर विलायती माल घेणार नाही, वापरणार नाही, चहा पिणार नाही, आणि मयताला विलायती हातमोजे देणार-घेणार नाही. सगळ्यांनी सह्या केल्या. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी फुल्या मारल्या. आपल्या घरात आजवर कोणीही कुठल्याही कागदावर फुलीपलीकडे काही केलेलं नाही. मी पूर्ण नाव लिहिलं, डॉर्कस पीच. ट्रास्कबाईंनीच मला अक्षर शिकवलं, हे तुला ठाऊक आहे. त्या म्हणाल्या, "बघा, शिकवलेलं वाया गेलं नाही." मला इतकं बरं वाटलं की घरी आईच्या पेटाऱ्यात काय आहे ते आठवायला मला अर्धा रस्ता लागला.

मग मी स्वतःची समजूत घातली. पेटी सहीच्या आधी आलेली आहे. आई अजून जिवंत आहे. दिलं तरच मोडेल ना? रोज नवं कारण.

मार्चमध्ये बॉस्टनच्या रस्त्यात शिपायांनी गोळ्या झाडल्या, माणसं मेली. ते तुम्ही तिकडे वेगळ्या तऱ्हेनं ऐकलं असेल, भाऊजी. त्या आठवड्यात सूत कातताना कोणी गायलं नाही. ट्रास्कबाई चाक थांबवून म्हणाल्या, "ज्यांच्या घरात काही असेल त्यांनी आत्ता सांगावं. नंतर कोणी शोधून काढण्यापेक्षा बरं." माझ्यावर कोणाचाही संशय नव्हता. माझ्याकडे कोणी बघतही नव्हतं. तरी मी उठून उभी राहिले.

"पेटी आहे," मी म्हटलं. "आठ जोड. आईच्या मयतासाठी."

"कोणी पाठवली?"

"बहिणीनं."

"तिच्याजवळ कुठून आले? तिचा नवरा जकातीच्या कचेरीतच आहे ना?"

मी हो म्हटलं. एवढ्यावर थांबता आलं असतं. आणि आता जे लिहिते, त्यासाठीच हे पत्र लिहायला घेतलंय. गावच्या बहिष्कार समितीनं पेटी नेली, पुरुषमंडळींच्या गोदामात कुलपात ठेवली. भांडण मिटलं की परत देऊ म्हणाले. पण पाठवणाऱ्याचं नाव प्रार्थनाघराच्या दारावर लावायचं ठरलं, की हा माणूस गावाच्या इच्छेविरुद्ध माल पाठवतो, याच्याशी कोणी व्यवहार ठेवू नये. ट्रास्कबाईंनी कागद माझ्यापुढे सरकवला. "तूच लिही. तुझं अक्षर सगळ्यांत स्वच्छ आहे."

भाऊजी, पुढे वर्तमानपत्रात तुमचं नाव छापून आलं ते तुम्ही पाहिलं असणार. छापलेल्यात कोणाचं अक्षर कळत नाही. दारावरचा मूळ कागद माझ्या हातचा आहे. एडमंड वेल्स, जकात कारकून, हॅलिफॅक्स. मी एकही शब्द खोडला नाही.

तो कागद पाऊस लागून फाटला, पण गाव विसरलेलं नाही. तुम्ही दोघं यंदा उन्हाळ्यात येणार होता. आता धक्क्यावर उतरलात तर काय होईल ते मला सांगवत नाही. ताई आईच्या मातीजवळ उभी राहू शकणार नाही, आणि तो दरवाजा माझ्या अक्षरानं बंद झालाय.

भाऊजी, तुम्ही एकदा आपल्या ओसरीवर म्हणाला होता, "सैन्य ठेवायला खर्च येतो. फ्रेंचांपासून वाचलात ते फुकट नाही." त्यावर मला अजून नीट उत्तर सापडलेलं नाही. बाबांना सापडलं. ते म्हणाले, "कर तीन पेन्स की तीस, ते मला सांगू नकोस. माझ्या पिंपावर मी माझी खूण करतो. उद्या दुसऱ्यानं येऊन न विचारता आपली खूण केली, तर पीप त्याचं झालं. मग मी कोण? त्याचा गडी." तुम्ही हसला होता. बाबाही हसले होते. तेव्हा ती फक्त जेवणानंतरची चर्चा होती. अशी घरं बघता बघता दोन बाजूंना कधी उभी राहिली, मला दिवस सांगता येत नाही. मी राजाला सोडायला निघाले नव्हते, ताई. मी फक्त हातमोजे सोडले होते.

२७ एप्रिल

काल लिहिलं नाही. उरलेलं आईचं आहे.

रविवारी, जायच्या दोन दिवस आधी, तिनं पेटी मागितली. "टॅबीचे हातमोजे दे बघू."

मी तिला पेटी गेल्याचं सांगितलं नव्हतं. त्या क्षणीही सांगितलं नाही. मी तिचा खण उघडला, ज्यात तिनं तीस वर्षांचे मिळालेले जोड ठेवले होते. सगळे राठ, एक सोडून. कप्तान डेनिंगच्या बायकोच्या मयताला नोकराच्या चुकीनं तिला करडाचे आले होते. ते तिनं कधी घातले नाहीत. तेच मी तिच्या हातात दिले. "हे घे, आई. तेच आहेत."

तिनं बोटं चाचपली, एकेक, तशीच. मग तिचा अंगठा मनगटाच्या आतल्या बाजूला गेला आणि थांबला.

तुला माहीत आहे तिथे काय असतं. तिला लिहिता येत नव्हतं, म्हणून प्रत्येक जोडात, ज्या घरचा तो असेल त्या घराची खूण ती काळ्या दोऱ्यानं घालून ठेवायची. डेनिंगांचा गलबताचा नांगर. मी घाईत ते विसरले. शिकलेली मुलगी, आणि मी फक्त कातडं बघितलं.

तिचा अंगठा त्या नांगरावर किती वेळ होता ते मला सांगता येणार नाही. मग ती म्हणाली, "चांगले आहेत. टॅबीला कळव, आईनं हातात घेऊन पाहिले. फार मऊ आहेत म्हणावं."

त्यानंतर तिनं मला काही विचारलं नाही. हात माझ्याकडे केला, मी धरला. मी रडत होते ते तिला कळलं नाही, असं म्हणायला मला आवडलं असतं.

हा तुझ्यासाठी तिचा निरोप आहे. तो मी खोटं बोलून मिळवला, म्हणून पोचवायला तीन आठवडे धजले नाही. पण निरोप तिचा आहे. तो तिनं सगळं कळून दिला, हे मला आता पक्कं वाटतं.

ती गेली त्या संध्याकाळी मी बाबांना सगळं सांगितलं. उठून त्यांनी तो खण आख्खा ओढून काढला आणि टेबलावर पालथा केला. "हे तिनं कशाला जपले? घालायला? एकदा तरी घातलेले बघितलेस?"

"पण हेही विलायतीच आहेत, बाबा. मी सही केलीय."

"मग तुझ्या ट्रास्कबाईला विचार. मी तोवर जोड लावून ठेवतो."

मी विचारायला गेले नाही. एवढं धाडस मी केलं. बुधवारी बाबांनी आणि मी खुणा बघून प्रत्येक जोड त्या त्या घरी नेऊन दिला. ज्यांच्या माणसाला आईनं अंघोळ घातली होती, त्यांच्याच माणसाच्या मयताचे हातमोजे. दारात लोक घ्यायचे, उलटून बघायचे आणि आत जाऊन बसायचे. विणकर लूकनं विचारलं, "हे माझ्या भावाच्या वेळचे?" बाबा म्हणाले, "तिनं लिहून ठेवलंय ना."

गुरुवारी मातीला सगळे तेच घालून आले. फाटके, आखडलेले, काहींच्या बोटांत शिरेनात. ट्रास्कबाई बाबांजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "पीच, हे सगळे विलायती आहेत."

"आले तेव्हा कर नव्हता, बाई. आणि राजाही दुसरा होता."

"समितीत विचारलं तर मी काय सांगू?"

"सांगा, परत केले. तुम्ही तेच म्हणता ना, परत पाठवा म्हणून?"

त्या हसल्या नाहीत. त्यांच्या हातात त्यांचा जोड होता, अजून घातलेला नव्हता. त्यांनी मनगट उलटून पाहिलं. आत छोटा पाळणा होता. त्यांचं पहिलं बाळ आठ दिवसांचं असताना गेलं, ते मला माहीतही नव्हतं. मग त्यांनी हातमोजे चढवले आणि पुढे जाऊन बायकांच्या रांगेत उभ्या राहिल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला पुन्हा लिहायला बोलावलं. मी सूत कातायला गेले, लिहायला नाही म्हटलं. सही मात्र मी काढून घेतलेली नाही. काढणारही नाही. हे तुला आवडणार नाही, तरी तुला खोटं सांगून तुझी माफी मागणं मला जमणार नाही.

डेनिंगांच्या घरात आता कोणी उरलं नाही. म्हणून तो नांगराचा जोड या पत्राबरोबर तुला पाठवते आहे. आईच्या हातून सुटलेली ती शेवटची वस्तू. तिकडे तुम्हाला हे घालायला कोणी मनाई करणार नाही.

भाऊजी, तुमच्याकडे मी क्षमा मागते, नाव लिहिल्याबद्दल. आता ताईसाठीच्या शेवटच्या ओळी तेवढ्या वाचून दाखवा आणि मग कागद तिच्या हातात द्या.

ताई, मी पुन्हा लिहू की नको, ते तू कुणाकडून लिहून घेऊ नकोस. खाली मी नावाऐवजी आईची आपल्या घरची खूण घातली आहे, चादरींवर असायची ती, तीन उभे टाके आणि एक आडवा. काळा दोरा, कागदातून आरपार. अंगठा फिरवून बघ. तुझ्या मनात मला अजून जागा असेल तर तीच खूण कुठल्याही चिंधीवर घालून पाठव. नसेल तर काही पाठवू नकोस, मी समजेन.

लाटांचा जोर उतरला की मी रोज धक्क्यावर जाऊन येते.

तुझीच धाकटी,

||| ―