दोन पदरी फ्यूज

कुंभारवाडा,
सोमवार, ८ डिसेंबर २०२५

ती. नागेशअण्णास फुलाचा शि. सा. न. वि. वि.

दोन राती डोळा लागला न्हाई. मयूरीच्या फ्रॉकला जळक्या रबराचा वास येतोय. जीपमधी ती म्होरं बसती, बापाशेजारी. इचारलं तर म्हणाली, नव्या लायटी लावल्या की गाडी बिडी ओढती.

धुक्यात वळणावर रानगवं उभं असत्यात, म्हणून ह्यांनी बंपरवर दोन मोठ्या लायटी बशिवल्या. जीप माझ्या लग्नाआधीची, तुला ठावं हाय. वायर बॅटरीवरनं सरळ स्विचला आणली. त्या स्विचला हात लावला तर चटका बसला. मी म्हटलं, अण्णाला इचारू. तर म्हणाले, तुझ्या भावानं रामनगरात गॅरेज टाकलं म्हणून जगातल्या साऱ्या वायरी त्यालाच कळत्यात व्हय.

शाळेची आठ पोरं ह्याच जीपनं जोयड्याला जात्यात, सांजच्याला परत येत्यात. हितं रेंज न्हाई, बाळ अंगावर पितंय, मला हलता येत न्हाई. चिठ्ठी कंडक्टरजवळ देते. त्यांना पटंल असं लिव.

वैनीला नमस्कार. भनीवरची माया पातळ करू नको.
तुझी फुला

---

रामनगर,
बुधवार, १० डिसेंबर

चि. फुलास अनेक आशीर्वाद.

ल्हानपणी तू काडेपेटीला भ्यायचीस, तवा मी हसायचो. आता हसत न्हाई. हे उमाजीदाजींना वाचून दाखव.

दाजी, मी येतो तवर बॅटरीवरची ती वायर काढून ठेवा. लायटींचा सारा भार स्विचवर टाकायचा नसतो. मधी रिले लागतो. स्विचनं नुसता रिलेला हुकूम द्यायचा, भार रिले उचलतो. बॅटरीपासनं वीतभरातच फ्यूज पायजे. जाड वायर पायजे, पत्र्याच्या भोकात रबर पायजे, आणि डिझेलच्या नळीपासनं वायर लांब पायजे. फ्यूज मरायसाठीच असतो. तो मेला की गाडी जगती.

ऐतवारी सामान घेऊन येतो. फुले, कोंबडी कापू नको, नाचणीची भाकरी चालंल. बाळाला माझा मुका दे, जीव शांत ठेव.
तुझा अण्णा

---

कुंभारवाडा,
शुक्रवार, १२ डिसेंबर, सकाळ

गॅरेजात हे पत्र उघडणाऱ्यास नमस्कार.

मी नागेशची भन फुला. कंडक्टर म्हणतोय, अण्णा कामाला खानापूरला गेलाय, गॅरेजात दुसरं कोण तरी हाय. तुम्ही कोण मला ठावं न्हाई, पर वाचा.

अण्णाचं पत्र मी ह्यांना वाचून दाखिवलं. त्यातला फ्यूज तेवढा ह्यांच्या ध्यानात ऱ्हायला. शेतातल्या पंपाचा जुना फ्यूज आणून बॅटरीजवळ बांधला. काल तो तीनदा गेला. आमच्यात पंपाचा फ्यूज सारखा जायला लागला की तारंचे दोन पदर घालत्यात, तसे ह्यांनी घातले. म्हणाले, आता कवाच जायचा न्हाई, तुझ्या भावाला सांग. आणि हसले.

अण्णानं तर लिवलं हुतं, फ्यूज मरायसाठीच असतो. आता तो मरतच न्हाई. आज सकाळी बॉनेट उघडं हुतं तवा मी बघितलं. वायरीचं कातडं पाघळून डिझेलच्या नळीला चिकटलंय. मी वायर ओढून काढली. ह्यांनी परत जोडली, पाना खिशात घातला आन् पोरं घेऊन गेले. मयूरीला मी घरी ठेवली. बाकीच्या सात पोरांच्या आयांना सांगाय मी पळाले, तवर जीप लांब गेल्ती.

सकाळी ऊन हुतं, लायटी लागल्या न्हाईत. येताना धुकं असतंय, तवा लावणार. चार वाजेपर्यंत हे जोयड्याच्या स्टँडवर असत्यात, तिथं रेंज हाय. माझं ऐकत न्हाईत, पर अण्णा ओरडला तर ऐकतील. अण्णानं ह्यांना फोनवर एवढंच सांगायचं, वायर काढ, मगच पोरं बसव.

माझं लिवणं वाकडंतिकडं हाय, समजून घ्या, वळखदेख नसली तरी मला भनच माना. अण्णाचा नंबर शटरवर लिवलाय. ह्या पत्राची घडी मागनं घाला, आधी माझ्या अण्णाला फोन लावा.