खड्ड्यातला लाल मणी

बाबा, तुम्हाला जाऊन आता चौदा वर्षं होतील. एवढ्या काळात तुमच्यावरचा माझा एक संशय काही गेला नाही, आणि तो मी कुणापुढे बोललेही नाही.

मी नागपूरला प्राचीन इतिहास आणि पुरातत्त्व शिकायला गेले तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, "मेलेल्या लोकायचं शिकून काय भेटते?" पुढे आमच्या सरांनी उत्खननासाठी जागा निवडली ती नेमकी आंजीजवळची, आपल्या वांग्याच्या वावरालगतची पांढरी, जुन्या वस्तीचं ते टेकाड. दुसऱ्याच दिवशी तुम्ही मजुरांत नाव लिहिलंत. माझ्याच खड्ड्यात तुम्ही खुरप्यानं माती खरवडताय आणि बारा दिवस नुसती खापरं निघताहेत. सर म्हणाले, शनिवारी आवरून घेऊ. माझा प्रबंध तिथेच संपल्यात जमा होता. मी रडले नाही, पण तुम्ही माझ्याकडे फार वेळ बघत होतात.

शुक्रवारी दुपारी तुमची हाक आली, "पोरी, हे पाह्य!" तळहातावर अकीक दगडाचा लाल मणी. सर हरखून गेले, खोदकाम वाढलं, माझा प्रबंध त्या मण्यावर उभा राहिला. पण त्या थराची माती राखेसारखी करडी होती आणि मण्याच्या भोकात अडकलेली माती काळी, आपल्या वावराची असते तशी. संध्याकाळी वाफ्यात मी विचारलं, "बाबा, तो मणी तिथंच होता न?"

तुम्ही मान वर केली नाही. "काऊन? माह्यावर भरोसा नाई काय?"

"तसं नाई, पण..."

"मंग लिही न. तुले लिवाचं होतं न काहीतरी?"

आता मी शिकवते. विद्यार्थ्यांना सांगते, वस्तूआधी तिला लागलेली माती पाहा. गेल्या महिन्यात त्यांतल्याच एकीनं तो मणी भिंगाखाली धरला आणि विचारलं, "मॅडम, भोकातली माती वेगळी कशी?" रविवारी आंजीला गेले, आईला विचारलं. ती शेंगा सोलत होती. म्हणाली, "आता काऊन विचारून राह्यली? तसे मणी त्याईले वावरात वखरतानी भेटत. कोनाड्यात ठेवून देत. मले वाटलं, तुले मालूम असन."

परत येऊन मी अहवालाला दुरुस्ती जोडली: या मण्याचा थर विश्वासार्ह धरू नये. चूक माझ्या नोंदीची, असं लिहिलं; तुमचा उल्लेख केला नाही. प्रबंधातलं एक अख्खं प्रकरण त्यामुळे पडलं, आणि ते पडायलाच हवं होतं.

हे कुठे धाडायचं नाही, म्हणून एवढंही लिहून टाकते. त्या शुक्रवारी, मणी सापडण्याच्या थोडं आधी, तुम्ही मला विहिरीवरून पाणी आणायला पाठवलंत. घागर अर्ध्याहून जास्त भरलेली होती, हे मला दिसत होतं. तरी मी गेले, आणि मुद्दाम सावकाश परतले.