मगदुमांचे पोट आणि माझे घर

मी, श्रीमती राजमती गोमटेश मगदूम, वय एकोणसत्तर, निवृत्त शिक्षिका, राहणार कोल्हापूर, कोणाच्याही दडपणाला बळी न पडता, पूर्ण शुद्धीवर असताना हे लिहून ठेवते. माझे दीर श्री. अभिनंदन मगदूम या शुद्धीबद्दल शंका काढतील, म्हणून डॉ. संयोगिता शिंदे यांचा दाखला सोबत जोडला आहे. दिरांच्या शुद्धीचा दाखला आजवर कोणी मागितलेला नाही, हे मगदूम घराण्याचे नशीब.

१. घर. हे घर मी वारणानगरच्या शाळेत शिकवून मिळवलेल्या पगारातून बांधले. त्यात मगदुमांची एक वीट नाही. माझ्या पश्चात ते सर्वस्वी माझी सून सौ. ऐश्वर्या हिच्या मालकीचे होईल. माझा एकुलता एक मुलगा ऋषभ याचा त्यावर कोणताही हक्क राहणार नाही. कारण लिहिलेच पाहिजे असे नाही, असे वकील म्हणतात. मला लिहायचे आहे.

माझ्या यजमानांचा शिरोली एमआयडीसीत धाकट्या भावाबरोबर मशीन शॉपचा कारखाना होता. मशीन कामगार चालवत. हे दोघे खुर्च्या चालवत. यजमानांचे पोट म्हणजे घराण्याचे वैभव. पूजेला आलेले पाहुणे त्यावर थाप मारत आणि हे लाजत. चातुर्मासात एकाशन करत, म्हणजे दिवसातून एकदाच जेवत. पण त्या एका वेळी शिरा, पोळ्या, वाटीभर तूप आणि वर पेढे. जीभ जिंकल्याचे पुण्य वेगळे.

डॉ. शिंदे यांनी तपासण्या करून समजावले होते : पोटाचा घेर, रक्तदाब, साखर आणि ट्रायग्लिसराइड वाढलेले, चांगले कोलेस्टेरॉल कमी. "पाचपैकी तीन लक्षणं असली तरी त्याला मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात. तुमच्याकडे पाचही आहेत. एकेक किरकोळ वाटतं, पण सगळी मिळून हृदयावर येतात."

यजमान हसले. "डॉक्टर, माझं काय दुखत न्हाय की."

मी तूप कमी केले, संध्याकाळी चालायला लावले, गोळ्या हातावर ठेवल्या. तर दीर स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून म्हणाले, "वैनी, दादाला उपाशी मारताय व्हय? आमच्या खानदानात पोट असतंयच." आपल्या मेव्हण्याच्या दुकानातला काढा आणून त्यांनी गोळ्या बंद करवल्या. दहावीला विज्ञानात नापास झालेल्या माणसाचे यजमानांनी ऐकले. मी विज्ञान शिकवत होते.

दिरांच्या मुलीच्या साखरपुड्यात पंगत बसलेली असताना यजमानांना घाम फुटला. डावा हात आणि जबडा दुखू लागला. मी गाडी काढायला सांगितली. दीर म्हणाले, "पित्त हाय वो. सोडा द्या. व्याही काय म्हणतील?" सोडा दिला. जिलेबीचा आग्रह पुरा झाला, फोटो झाले. मग गाडी निघाली आणि यजमान वाटेतच गेले. भेटायला येणाऱ्यांना दीर माझ्यासमोर सांगत, "वैनींनी खाऊ दिलं न्हाई, त्यानं अशक्तपणा आला." लोक माना डोलवत. त्या माना मी विसरलेले नाही.

पुढे कारखान्यातला हिस्सा मागायला मला याच गृहस्थांच्या दारात जावे लागले. आत जेवणे चालली होती, म्हणून मला बाहेर बसवले.

ऋषभने हे सगळे पाहिले आणि मोठा होऊन काकांशेजारच्या खुर्चीत जाऊन बसला. पोटही बापाचेच घेतले, तपासणीतले आकडेही. गेल्या हिवाळ्यात आम्ही कुंभोजच्या बाहुबलीला गेलो. डोंगराच्या पायऱ्यांवर तो मध्येच बसला, छातीवर हात धरला आणि मला म्हणाला, "काय न्हाय आई, पित्त हाय."

ऐश्वर्याने कोणाला विचारले नाही. दोन माणसांच्या मदतीने त्याला खाली आणले आणि स्वतः गाडी चालवत इस्पितळ गाठले. एक नस जवळजवळ बंद होती. स्टेंट बसवला, पोरगा वाचला.

दुसऱ्या दिवशी दीर पेढ्यांचा बॉक्स घेऊन हजर. "वैनी, तोंड गोड करा की!"

मी म्हणाले, "भाऊजी, तुमच्या भावाला तुम्ही खायला घालून घालवलंत. माझं पोर सोडा."

ते म्हणाले, "वैनी लई लागट बोलतात." पेढे त्यांनी स्वतःच संपवले.

वाटले, आता ऋषभ शहाणा होईल. तीन महिन्यांत गोळ्या चुकू लागल्या. "स्टेंट बसवलाय की, आता काय हुतंय?" माझ्या पोटी जन्मून मुलगा मगदूमच निघाला. उद्या तो गेला तर ऐश्वर्याला कोणाच्या दारात बसावे लागू नये, म्हणून घर तिचे.

२. यजमानांचे कातडी पट्टे. कंबर वाढेल तशी पुढेपुढे भोके पाडत गेलेले हे सर्व पट्टे श्री. अभिनंदन यांस द्यावेत. त्यांना ते अपुरे पडतील, याची मला कल्पना आहे.

३. पितळी कढई. एवढे तळण आमच्याखेरीज कोणी केले नसेल. मोडीत घालावी.

४. माझे दिवस. गोडाची पंगत घालू नये. श्री. अभिनंदन यांनी यावे, नमस्कार करून जावे. माझ्याविषयी बोलायला उभे राहिल्यास त्यांना खाली बसवावे.

५. या मृत्युपत्राचा कच्चा मसुदा ऋषभने गेल्या रविवारी वाचला. त्याचा चेहरा उतरला.

"आई, मी मरणार असं धरूनच लिवलंयस की."

"धरून नाही. पाहून लिहिलंय."

त्याने कागद घडी करून माझ्यापुढे ठेवला. मग बायकोला म्हणाला, "गोळ्या कुठं ठेवल्यात गं?"

ऐश्वर्या भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तुम्हीच शोधा."

त्याने सगळी कपाटे उघडली, गोळ्या शोधल्या, घेतल्या. एका रविवारावरून मृत्युपत्रे बदलत नसतात. आहे तसे ठेवून सही करते.

(सही) राजमती गोमटेश मगदूम

आमच्यादेखत सही झाली. साक्षीदार :
१. डॉ. संयोगिता शिंदे
२. अ‍ॅड. अमरसिंह घोरपडे

कोल्हापूर, ९ मार्च २०२५