एक रुपया कोण घेते

१२ जाने.
गोंदियाचा बिस्किटवाला सेल्समन आला. बिलातले सात रुपये सुटे दिले तं हातच मागे घेतला. "मौसी, एक का सिक्का मत दो. बंद होनेवाला है." कोणी सांगितलं म्हटलं. "मोबाइल पे आया है." मोबाइलवर तं उद्या सूर्य बंद होणार असंही येईल. पण डोक्यात बसलं ते बसलंच. सरकार खरंच एक रुपयाचं नाणं पाडणं बंद करणार का? आणि केलं तं बिघडते काय? गल्ल्याखालचा डालड्याचा डबा भरला आहे. देणारे देऊन जातात, परत घेणारा कोणी नाही. म्हणून तं मी दिवाळीपासून पाटीच लावली, छोटा रुपया घेतला जाणार नाही. माझं मत, करा बंद. (एक रुपया, एक रुपया किती वेळा लिहू. ए.रु. लिहिते यापुढे.)

१५ जाने.
दुकानात येईल त्याला विचारून राहिली. काळी-पिवळी जीपवाला: करा बंद, खिसा फाटते. गुरुजी (रिटायर झाल्यापासून रोज पेपर वाचायला माझ्याच बाकड्यावर): म्हणे ए.रु. बनवायला रुपयापेक्षा जास्त लागते, मग बनवायचा कायले. सोनू ड्यूटीवरून आली. आरोग्य केंद्रात नर्स आहे, तिचा सगळा व्यवहार फोनवर. म्हणाली, "आई, फोनवर सात काय न सतरा काय, नाणं लागतेच कुठं?" सोनूचे बाबा (पुढे सो.बा.) धानाच्या बांधीतून आले, पाय धुता धुता, "तुले काय करायचं आहे वो? तू का सरकार आहेस?"
सरकार नाही. पण गल्ल्यावर मीच बसते ना.
ठेवा म्हणणारा एकही नाही भेटला. सगळेच एका बाजूला बोलायला लागले की मला करमत नाही, कोणीतरी विचारायचा राहिला असं वाटते.

१७ जाने.
प्रयोग केला. आज दिवसभर दुकानात ए.रु. नाहीच असं धरून चालायचं. तीनचे चार, नाहीतर तीनचे दोन, जसा माणूस तसं. दुपारपर्यंत तीन भांडणं. ज्याचे चार केले तो म्हणते तू लुटून राहिली, ज्याचे दोन केले तो वाचलेला रुपया खिशात टाकून निघून जाते.
मग दसरूजी आले. सत्तरीचे असतील. सुटी बिडी घेतात रुपयाची एक, दिवसातून चार-पाचदा चालत येतात. मी म्हटलं आज एक मिळत नाही, दोनाच्या दोन घ्या. घेतल्या. पायरीवर बसून दोन्ही ओढल्या, खोकले, उठले, न मग बोलले. "बाई, जवळ असली की ओढली जाते म्हणून मी एकेक इकत घेतो. तू कायले दोन पाजून राहिली मले?"
हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. नाणं मोठं झालं की माणसाला कमी घेताच येत नाही. संध्याकाळी प्रयोग बंद. दसरूजींना उद्या चहा पाजायचा.

२३ जाने.
सोनूला पाहायला आले. सडक अर्जुनीचे. मुलगा प्रफुल्ल, वीज कंपनीत लाइनमन, बोलायला कमी, दिसायला चांगला. दोघं आधीपासून फोनवर बोलतात. मला माहीत आहे, तिला वाटते मला माहीत नाही. पोहे झाले, चहा झाला, आता देण्याघेण्याचं निघणार. तेवढ्यात मुलाचे वडील, भाऊराव, सगळ्यांसमोर मोठ्यानं बोलले: "आमाले काही नको. साक्षगंधाले एक रुपया न नारळ. बस."
मी आत गेली न गॅसजवळ उभी राहून रडली. आनंदानंच. सो.बा. त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेले, तिथून त्यांचं हसणं ऐकू आलं. किती वर्षांनी असे हसले ते.
साक्षगंध (साखरपुडा) २२ फेब्रु. आमच्याच घरी.

२४ जाने.
सकाळी गल्ला उघडताना सुचलं. ए.रु. बंद झाला असता तं भाऊराव काय म्हणले असते? "दहा रुपये न नारळ"? ऐकायला कसं तं वाटते. मग लोक म्हणतील दहाच काऊन, शंभर काऊन नाही. ए.रु. म्हणजे काही घेतलं नाही, पण हात रिकामाही नाही राहिला. असं काम दुसरं कोणतं नाणं करते? मत जरा हललं आहे माझं.

३० जाने.
गुरुजींना विचारलं, आधी पूजेला सव्वा रुपया ठेवायचे. चवन्नी गेली तेव्हा लोकांनी सव्वाचं काय केलं?
"अकरा केले."
"रुपया काऊन नाही केला? जवळ तं तोच होता. खाली नाही उतरले, वर काऊन चढले?"
गुरुजींनी पेपर खाली ठेवला. मग म्हणाले, "खाली उतराले लाज वाटते ना बाई." न पुन्हा पेपर उघडला. बाकी वेळी त्यांना थांबवावं लागते.
दुपारी मनकू, जंगलात रोजीनं जाते तो. घरचे सगळे कचारगडला चालले जत्रेला. चिल्लर आहे का म्हणे, रुपया-रुपयाची. "देवाजवळ नोट कायले? पोट्ट्याईनं आपापल्या हातानं एकेक ठेवावा." दोन मुठी नेले. ए.रु. मागून नेणारं हे पहिलं गिऱ्हाईक. म्हणजे ठेवा म्हणणारा एक तं निघाला. न विचारताच निघाला.

८ फेब्रु.
रमेशचा फोन. माझा मामेभाऊ, या सोयरिकीतला मध्यस्थ तोच. इकडचं तिकडचं झालं, मग घसा खाकरला. "ताई, इवाई, भाऊराव, म्हणून राहिले का एक रुपया आता कोणी घेत नाही. चालते तसं काही द्या म्हणते."
चालते तसं म्हणजे काय?
"तुमची इच्छा."
मी म्हटलं, रमेश, आकडा सांग. नाही सांगत. तुमची इच्छा, तुमची इच्छा. पाच वेळा तेच. फोन ठेवला न तशीच बसून राहिली. दोन गिऱ्हाईकं परत गेली.
ए.रु. हा आकडा होता. पक्का. त्याच्यावर कोणी जाऊ शकत नव्हतं, त्याच्याखाली जायला जागा नव्हती. "तुमची इच्छा" कुठं जाऊन थांबते?

९ फेब्रु.
सो.बा.ना सांगितलं. त्यांना रागच नाही आला, त्याचाच मला राग आला. "एकवीस हजार पाकिटात घालून देऊ. पोरीचं चांगलं होते ना. रुपयासाठी सोयरीक तोडतेस का?"
रुपयासाठीच तं.
भांडण. सोनूला काही कळू द्यायचं नाही यावर मात्र दोघांचं जमलं. तिला कळलं तं ती उद्याच नाही म्हणून मोकळी होईल, न मुलगा तिला आवडते. काल कपडे वाळत घालताना गुणगुणत होती. मला नाही पाहवणार ते मोडलेलं.

१२ फेब्रु.
राहवलं नाही. काळी-पिवळीत बसली न सडक अर्जुनीला गेली. कोणाला न सांगता. रमेश काय सांगते न खरं काय आहे, आपल्या कानानं ऐकायचं होतं. भाऊराव धान मोजायला गेलेले. मुलाची आई, म्हणजे इनबाई, एकट्याच, आंगणात लाखोळीची डाळ निवडून राहिल्या होत्या. पार्बताबाई नाव. मीही सुपाजवळ बसली न निवडायला लागली. सरळ विचारलं, काय झालं?
आधी चहा. मग हळूहळू.
"त्यायच्या मनात काही नव्हतं वो इनबाई. मनापासून बोलले ते. दुसऱ्या दिवशी बाजारात गेले, पानठेल्यावर छोटा रुपया दिला तं त्यानं फेकून दिला, म्हणे हा चालत नाही. त्यायचे भाऊ तिथंच उभे. हासले. म्हणे, भाऊराव, तुह्या पोराचा भाव पानठेल्यावरबी नाही चालत. तवापासून घरात कोणाशी धड बोलत नाहीत."
मी म्हटलं, न तुम्हाला काय वाटते? तर म्हणाल्या, "मले कोण इचारते. माह्या बापानं म्हशी देल्ल्या होत्या." न पुन्हा सुपाकडे.
बाई वाईट नाही. भाऊरावही वाईट नाही. हेच कठीण आहे, कोणावर तोंड सोडायचं तेच कळत नाही.
येताना गाडीत डोकं चालू. मी सरकारच्या नावानं मत मांडत बसली महिनाभर, बंद करावा की करू नये. सरकारनं कुठं काही केलं? नाणं आम्ही बंद केलं. त्या पानठेलेवाल्यानं न मी. माझी पाटी वाचून माझ्या दुकानातून कोण कोण तसा परत गेला असेल, काय माहीत.

१४ फेब्रु.
पाटी काढली. छोटा मोठा सगळा घेते. आठवड्याच्या बाजारात चार दुकानदारांना म्हटलं तुम्हीही घ्या. तिघं हसले. एकजण म्हणाला, "काकू, बँकवाला मोजायले कंटाळते, तुम्ही त्याले समजवा." त्याचंही खोटं नाही.

१९ फेब्रु.
सोनूला सांगितलं. ठरलं होतं सांगायचं नाही, पण साडी दाखवायला आली, कोणती नेसू म्हणून, न माझ्या तोंडातून निघूनच गेलं. सगळं. सडक अर्जुनीचंही.
ओरडली नाही. साडीची घडी घातली. माझ्यासमोरच प्रफुल्लला फोन लावला. "तुले माहीत होतं का?" तिकडून काय आलं ऐकू नाही आलं. मग म्हणाली, "तुह्या बाबाचं नाही विचारत, तुले काय पाहिजे ते सांग." मग तिनं फोन ठेवला.
काय म्हणाला?
"बाबाले विचारून सांगतो म्हणे."
न ड्यूटीवर निघून गेली. डबा ओट्यावरच राहिला. मी आरोग्य केंद्रात नेऊन दिला, तिनं घेतला, डोळ्यांकडे पाहिलं नाही.

२० फेब्रु.
प्रफुल्लचा फोन नाही. सोनूनंही केला नाही. मंडपवाला विचारून गेला खुर्च्या किती. मी म्हटलं पन्नास.

२१ फेब्रु.
सकाळी सोनूनंच सांगितलं, शांतपणे, भाजी चिरता चिरता. "उद्या ताटात एक रुपया न नारळ ठेवायचा. ठरलं तेच. त्यानं आपल्या हातानं उचलला तं मी तयार. बाबाकडे पाहत बसला तं मी ताट उचलून आत येईन. तुम्ही कोणी मधात बोलायचं नाही." न माझ्याकडे पाहून म्हणाली, "तू तं महिनाभर विचारतच होती ना, एक रुपया कोण घेते. पाहू ना."
मला धाक वाटते न अभिमानही वाटते, दोन्ही एकदमच. उचलेल का तो? वाटते उचलेल. मग वाटते त्याला आजवर बापाला न विचारता काही उचलताच आलं नसेल. पाहुणे अकराला येणार. सांबाराची (कोथिंबिरीची) जुडी आणायची राहिली.
दिवेलागणीला आतल्या खोलीत गेली तं सो.बा. उद्याच्या सदऱ्याच्या खिशात पाकीट ठेवून राहिले होते. जाडच होतं. मला पाहून हात तिथंच थांबला. "राहू दे," म्हणाले, "वेळेवर लागलं तं."
मी नाही म्हणायला पाहिजे होतं. सदऱ्याला इस्त्री करून दिली.